ह्याला काही होत नाही

"ह्याला लावू दे हात. ह्याला काही होत नाही."

साहेब हसत म्हणाले. गणपतीचा दुसरा दिवस. बंगल्याचा हॉल माणसांनी भरलेला, आरती सुरू व्हायच्या बेतात, आणि मखराच्या लोखंडी चौकटीला करंट आलेला. पाहुण्यांपैकी एका बाईंचं कोपर चौकटीला लागलं, त्या किंचाळून मागे सरकल्या आणि त्यांच्याबरोबर सगळा हॉल दोन पावलं मागे गेला. दाराशी मी उभा होतो. साहेबांच्याच संशोधन संस्थेचा वायरमन. मखराच्या दिव्यांच्या माळा मीच लावल्या होत्या, दोन दिवस रजा टाकून, साहेबांच्या शब्दाखातर.

त्याच्या पाच मिनिटं आधीची गोष्ट आधी सांगतो, ती सुटून चालणार नाही. मोदकांचं ताट टेबलाच्या कडेला आलं होतं. पडेल म्हणून मी हात पुढे केला. साहेबांच्या पत्नी आवाज जराही न चढवता म्हणाल्या, "तुम्ही नका हो हात लावू. सोवळ्यातलं आहे." मी हात मागे घेतला. मोदकाला न चालणारा तोच हात पाच मिनिटांनी करंटला चालणार होता.

नाही म्हणता आलं असतं. माळांचा प्लग भिंतीवर हाताच्या अंतरावर होता. तो काढायचा, चौकटीखाली चेपलेली वायर शोधायची, टेप लावायची, संपलं. वायरमनचं काम तेवढंच. पण पन्नास माणसं माझ्याकडे बघत होती, आणि पन्नास माणसं बघायला लागली की माझ्यातला वायरमन मागच्या दाराने निघून जातो. मी बाह्या वर सारल्या. माळा लावायला आणलेलं लाकडी स्टूल ओढलं, त्यावर चढलो, रुमालाने हात कोरडे केले, बाप्पाला नमस्कार केला आणि उजव्या हाताच्या बोटांची मागची बाजू चौकटीला टेकवली.

मग काय विचारता. डोळे गरागरा फिरवले, दात वाजवले, शेंडीपासून टाचेपर्यंत थरथरलो आणि थरथरत्याच आवाजात आरतीचा पहिला सूर लावला. हॉल हसून कोसळला. एक म्हातारे शास्त्रज्ञ चष्मा काढून डोळे पुसत होते. मघाशी किंचाळलेल्या बाईसुद्धा कोपर चोळत हसत होत्या.

साहेब पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "ह्या लोकांची कातडीच वेगळी असते."

यावर जे हसू आलं ते जरा खालच्या आवाजातलं होतं. 'हे लोक' म्हणजे वायरमन नव्हेत, हे तिथल्या प्रत्येक मराठी पाहुण्याला कळलं होतं. भंडाऱ्याहून लखनौला येऊन मला बावीस वर्षं झाली. इथल्या माणसाला माझ्या आडनावाचा अर्थ लागत नाही. त्याच्या लेखी मी नुसता मराठी भइया. अर्थ लावायला आपलेच लोक लागतात.

आणि मी काय केलं? स्टुलावरून खाली वाकून मुजरा केला. मला मजा आली होती. हे लिहायला बरं वाटत नाही, पण खरं आहे. अपमान कळला नाही असं नाही. कळला. टाळ्यांच्या आवाजात मी तो गिळला आणि वर ढेकर दिली.

हा खेळ माझा जुना. कुणाचा निरोप समारंभ असो, सव्वीस जानेवारी असो, होळी असो, "महाराज, हो जाए" अशी हाक आली की मी स्टूल शोधायला लागायचो. अलीगंजच्या पलीकडची आमची कॉलनी, तिथे मला 'बिजली महाराज' म्हणत. बायको म्हणायची, नोकरी वायरमनची केली आणि जन्म नाटकवाल्याचा घेतला. माझी मुलगी मराठी सगळं समजते पण उत्तर हिंदीतच देते. ती आठवीत असताना एकदा मला म्हणाली, "पापा, वो लोग आप पर हँसते हैं." मी म्हणालो, माझ्यावर नाही गं, माझ्यामुळे हसतात. केवढा हुशार होतो मी.

आता त्या खेळाचं गुपित सांगतो. हे गुपित मी अठरा-वीस वर्षं सांभाळलं. जादूगार आपली जादू उलगडून दाखवत नाही, या ऐटीत सांभाळलं. कोरडं लाकूड करंटला वाट देत नाही. स्टुलावर उभा असलेला माणूस जमिनीपासून तुटलेला असतो; करंटला त्याच्या अंगातून जमिनीत उतरता येत नाही. बोटांना मुंग्या येतात, बस्स. बोटांची मागची बाजू अशासाठी, की झटका बसलाच तर हात आखडतो तो तारेपासून दूर आखडतो. तळहात लावला तर तीच मूठ तारेवर आवळली जाते. बाकी थरथर, डोळे, दात, सगळा अभिनय. लोकांना वाटायचं, महाराज स्टुलावर चढतात ते मागच्यांना दिसावं म्हणून. मी ते तसंच वाटू द्यायचो. आणि कुणी विचारलं की आपको लगता नहीं, तर डोळा मारून एक शब्द टाकायचो.

"आदत है."

सवय आहे. या एका शब्दासाठी माझी जीभ कापली तरी चालेल असं मला आता वाटतं. पण तेही नाटकच होईल.

विसर्जनानंतर चार दिवसांत साहेबांच्या बंगल्याला नवीन अर्थिंग झालं. खड्डा मी खणला. माणसाच्या उंचीएवढा. तांब्याची पट्टी, मीठ, कोळसा, वर पाणी घालायला नळी. अर्थिंग म्हणजे घरातल्या लोखंडी वस्तूंपासून थेट जमिनीत गेलेली वायर. गिझरला, फ्रिजला, कूलरला करंट उतरला तर तो माणसाच्या अंगातून न जाता या वायरीतून जमिनीत जावा म्हणून. शिवाय साहेबांच्या बोर्डावर नवी डबी बसली. थोडा जरी करंट वाट चुकला तरी पापणी लवायच्या आत ती लाइन तोडते. मी बटण दाबून दाखवलं, खटकन सगळा बंगला बंद. साहेबांच्या पत्नी म्हणाल्या, बाई, आता झोप लागेल.

खड्डा बुजवताना मी विषय काढला. आमच्या क्वार्टर्सचा. चौथ्या श्रेणीच्या कर्मचाऱ्यांची अठ्ठेचाळीस क्वार्टर्स, दोन रांगा, त्यातच मीही राहतो. तिथे भिंतीत अर्थिंगची वायर होती, पण रांगेच्या टोकाला खड्ड्यात जिथे ती उतरायची तिथे गंजून तुटली होती. किती वर्षांपूर्वी, देव जाणे. घरोघरी तीन भोकांचे सॉकेट होते. तिसरं भोक शोभेचं. मी म्हणालो, साहेब, हेच तिकडेही करून टाकू, उन्हाळ्यात कूलर लागतात, पत्र्याचे असतात, वर पाणी.

साहेब नळीतून पाणी पडताना बघत होते. म्हणाले, "तिथे कुणाला काय होतंय? चपला घालून हात लावायला सांग. सगळे तुझ्यासारखेच आहेत, सवय असते त्यांना."

माझाच शब्द. माझ्याच तोंडावर. मी हसलो.

मार्चमध्ये दरवर्षी एक रजिस्टर भरावं लागतं. उन्हाळ्याआधीची तपासणी. प्रत्येक घराचा नंबर, वायरिंग, बोर्ड, शेवटच्या रकान्यात अर्थिंग. नियम असा की मीटर घेऊन प्रत्येक घरात जायचं, मोजायचं, आकडा लिहायचा. रीत अशी की बंगले मोजायचे आणि क्वार्टर्स ऑफिसात बसून भरायची. त्या वर्षी वरून कुणी तपासणीला येणार होतं म्हणून साहेबांना रजिस्टर संध्याकाळपर्यंत हवं होतं. मी मीटर उचललं तर म्हणाले, "ऊन कशाला खातोस? बस इथेच, पंख्याखाली." स्वतःच्या टेबलासमोरच्या खुर्चीकडे बोट केलं. बावीस वर्षांत त्या खुर्चीवर मी कधी बसलो नव्हतो. चहा आला. कपबशीतून आला, त्यांच्यासारख्याच कपबशीतून.

पहिल्या ओळीत मी बंगल्याचा आकडा लिहिला. खरा, मोजलेला. त्याखाली क्वार्टर नंबर एक, आणि आकड्याच्या जागी दोन छोट्या रेघा. डिट्टो. म्हणजे वरच्यासारखंच. दोन नंबर, डिट्टो. तीन नंबर, डिट्टो. अठ्ठेचाळीस घरं मी चहा गार व्हायच्या आत सुरक्षित करून टाकली. एकतीस नंबरला जरा थांबलो, ते माझं घर. त्यालाही डिट्टो. खाली मी सही केली, माझ्या सहीखाली साहेबांनी केली. माणूस पैशाला विकला गेला तर निदान सांगता तरी येतं. मी एका खुर्चीला विकलो गेलो.

तेहतीस नंबरला रामसजीवन राहायचा. प्रयोगशाळेत काचेची भांडी धुवायचा. स्वतःच सांगायचा, "पूरे इंस्टीट्यूट की रिसर्च तो हम ही धोते हैं." बख्शी का तालाबच्या पलीकडे त्याचं गाव; सुट्टीला गेला की येताना काकड्या आणायचा आणि माझ्या दारात ठेवून जायचा. माझ्या खेळाला त्याच्यासारखा प्रेक्षक नव्हता. शंभरदा पाहिलेलं असायचं, तरी तो पुढे येऊन उकिडवा बसायचा आणि मी थरथरायला लागलो की मांड्यांवर थापा मारायचा.

एप्रिल संपत आला होता. तो मला म्हणाला, महाराज, कूलर काटता है, म्हणजे झटका देतो. मी टेस्टर घेऊन गेलो. कूलरच्या पत्र्याला लावला, टेस्टर पेटला. त्या वेळी काय करायला हवं होतं ते मला झोपेतही सांगता येतं. कूलर बंद. पंप काढून बघायचा, वायर बदलायची, आणि अर्थिंग झाल्याशिवाय कूलर चालू करायचा नाही. मी काय केलं? प्लग उघडला आणि आतल्या दोन तारांची अदलाबदल केली. ही आमच्या धंद्यातली पळवाट आहे, सगळे करतात. झटका कमी होतो. दोष जातो असं नाही. तो तिथेच असतो, नुसता गप्प बसतो. टेस्टर मंद झाला.

आणि रामसजीवनची बायको फूलमती दारात उभी होती. प्रेक्षक होते. मी त्यांच्या घरातला लाकडी पाट ओढला, त्यावर उभा राहिलो, बोटांची मागची बाजू कूलरला लावली आणि गोड काहीतरी खाल्ल्यासारखा चेहरा केला. म्हणालो, "लो भाभी, अब मीठा हो गया." फूलमती पदराआड हसली. रामसजीवन मला म्हणाला, हमको भी सिखाओ. मी त्याचा हात धरून दाखवलं, असा उलटा, तळहात कधीच नाही. पाटाबद्दल बोललो नाही. तेवढं एक हातचं राखलं. तो म्हणाला, आपको तो आदत है. मी म्हणालो, "तुमको भी पड़ जाएगी."

जूनमधली दुपार. लाइट दोन तास गेलेली, आलेली. रामसजीवन कामावरून आला, अंगणातल्या नळावर हातपाय धुतले, बनियन काढली आणि बादली घेऊन कूलरमध्ये पाणी ओतायला गेला. अनवाणी. खाली फरशी ओली. पंपाची वायर पाण्यात पूर्ण उघडी पडली होती. मी गप्प बसवलेला दोष.

मी ऑफिसात होतो. बोलवायला आले तेव्हा धावत गेलो. शेजारच्यांनी झाडूच्या दांड्याने प्लग पाडला होता. रामसजीवन कूलरला छाती लागून पडला होता म्हणे. मी पाहिला तेव्हा अंगणात उताणा होता. हॉस्पिटलात नेला. न्यायचं म्हणून नेला.

तेराव्यानंतर फूलमती आमच्या घरी आली. माझ्या बायकोने तिला पाणी दिलं. तिने ते तसंच हातात धरून ठेवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "भइया, उन्होंने उल्टा ही हाथ लगाया था. जैसे आप लगाते हैं."

आरोप नव्हता हो तो. तेच तर. ती मला विचारत होती. त्याने शिकवल्याप्रमाणे केलं होतं, मग चूक कुठे झाली, हे ती एका जाणकार माणसाला विचारत होती. मी वायरमन. मला उत्तर माहीत होतं. कोरडा पाट आणि ओली फरशी, एवढंच उत्तर. मी म्हणालो, नसीब, भाभी. तिने मान हलवली. तिने ते मानलं.

त्या दिवसापासून मला जेवण गेलं नाही. थट्टा सुचली नाही. लोकांनी म्हटलं, महाराज को सदमा लगा है, दोस्त था. मी तेही ऐकून घेतलं.

चौकशी बसली. संस्थेचा नियम साधा होता. संस्थेच्या वायरिंगमुळे माणूस गेला तर बायकोला नोकरी मिळेल आणि क्वार्टर राहील. माणूस स्वतःच्या निष्काळजीपणाने गेला तर काही नाही. तीन महिन्यांत क्वार्टर रिकामं करायचं. सासर-माहेर दोन्हीकडे फूलमतीला दारात उभं करणारं कुणी नव्हतं.

साहेबांनी मला खोलीत बोलावलं. तीच खुर्ची दाखवली. माझा जबाब टाइप होऊन तयार होता. मार्चमध्ये सर्व क्वार्टर्सचं अर्थिंग मोजलं होतं, ठीक होतं, रजिस्टर सोबत जोडलं आहे. कूलर मृताचा खाजगी. मृताने ओल्या अंगाने, अनवाणी, चालू कूलरला हात लावला. निष्काळजीपणा त्याचा स्वतःचा. खाली माझ्या सहीची जागा.

मी कागद वाचत होतो आणि साहेब मराठीत बोलत होते. एरवी ऑफिसात ते माझ्याशी हिंदी बोलत. म्हणाले, "आपण दोघं एका मातीतली माणसं. इथे परमुलखात आपणच एकमेकांना धरायचं."

एका मातीतली. मोदकाच्या ताटाची आठवण मला तेव्हा झाली. महिने उलटल्यावर. अपमान असा उशिरा येतो कधीकधी, आणि व्याजासकट येतो. पण त्याहून वाईट आठवण रजिस्टरची झाली. साहेब खोटं बोलत होते ते माझ्याच अक्षराच्या जोरावर. मी त्या रेघा ओढल्या नसत्या तर त्यांच्या हातात काहीच नव्हतं. मेलेल्या माणसाला गुन्हेगार ठरवायला लागणारा पुरावा मी मार्चमध्येच, चहा पिता पिता, तयार करून ठेवला होता.

मी सही केली नाही. नकारही दिला नाही. विचार करतो म्हणालो. एवढाच शूर होतो मी.

दुसऱ्या दिवशी समिती क्वार्टर्स बघायला आली. तिघेजण, साहेब बरोबर. दोन्ही रांगांतली बाया-माणसं बाहेर येऊन उभी. फूलमती तिच्या दारात. समितीतल्या एका बाईंनी विचारलं, आता या घरात धोका आहे का? साहेब हसले. ते हसू मी ओळखलं, गणपतीतलंच. तेहतीस नंबरचा कूलर नवा पंप घालून, वायर बदलून पुन्हा जागेवर ठेवला होता. साहेबांनी तो लावला आणि मागे कुणालातरी सांगितलं, "इनका स्टूल ले आओ." कुणीतरी धावत जाऊन स्टूल आणलंसुद्धा. माझा खेळ सगळ्यांना पाठ होता.

"चल रे," साहेब मराठीत म्हणाले, "मॅडमना हात लावून दाखव."

लोक पुढे सरकले. काहींच्या चेहऱ्यावर, खोटं नाही सांगत, हसू यायला लागलं होतं. शेजारी मेलेला, तरी मी स्टुलावर चढणार म्हटल्यावर त्यांचे ओठ सैल झाले. ही सवय मी लावलेली. आणि मी फूलमतीकडे पाहिलं. ती हसत नव्हती. ती माझ्या हाताकडे बघत होती. यावेळी नीट बघून घ्यायचं, कुठे चुकलं ते कळेल, अशी बघत होती.

मी स्टुलावर चढलो नाही. स्टूल उचललं आणि सगळ्यांना दिसेल असं डोक्यावर धरलं. खेळ करणाऱ्याची खोड, जाणार कुठे. पण त्यानंतर जे बोललो ते हिंदीत, हळू आणि एकदाच बोललो.

"करंट मुझको इसलिए नहीं लगता था कि मैं इस पर खड़ा रहता था. यह सूखी लकड़ी है. आदत किसी को नहीं पड़ती. रामसजीवन को मैंने हाथ सिखाया, लकड़ी नहीं बताई."

साहेबांनी मराठीत, दात आवळून, विचारलं की हे काय चाललंय. मी खिशातून बल्ब काढला. शंभरचा बल्ब, होल्डर, दोन वायरी. आदल्या रात्रभर तो उशाशी होता. आणायचा की नाही हे सकाळपर्यंत ठरत नव्हतं. एक वायर सॉकेटच्या लाइनच्या भोकात घातली, दुसरी अर्थिंगच्या. अर्थिंग असेल तर बल्ब लागतो, एवढी सोपी गोष्ट आहे. बल्ब लागला नाही. मग दुसरी वायर शेजारच्या न्यूट्रलच्या, म्हणजे करंट परत जातो त्या, भोकात घातली, बल्ब झगझगीत लागला. म्हणजे बल्ब चांगला होता. मी एकतीस नंबरमध्ये गेलो, माझ्या स्वतःच्या घरात. लागला नाही. बत्तीस. लागला नाही. चौतीस, पस्तीस. समितीच्या बाई माझ्या मागोमाग घरोघरी येत होत्या, त्यांच्यामागे बाया. चाळीस नंबरच्या म्हाताऱ्या आजीने मला दारातच विचारलं, हमारे यहाँ तो जलेगा न, बेटा? तिथेही लागला नाही.

रजिस्टर साहेबांच्या हातात होतं. मी बाईंना म्हणालो, त्यातल्या रेघा माझ्या आहेत. मी मोजलं नव्हतं. ऑफिसात बसून भरलं. कुणी सांगितलं, त्यांनी विचारलं. मी साहेबांकडे हात केला. बोट नाही केलं, हात केला. सभ्यपणाची सवय तेवढी राहिली.

फूलमती जवळ आली. मला वाटलं मारेल. मारायला हवं होतं. तिने फक्त विचारलं, "पहले क्यों नहीं बताया?"

याचं उत्तर मी गेले दोन महिने शोधतोय. टाळ्या वाजत होत्या म्हणून. खुर्ची मिळाली म्हणून. तुमच्या घरातलं हसणं मला आवडलं म्हणून. यातलं कुठलंही उत्तर तिच्यासमोर उभं राहून देण्यासारखं नाही. आमच्या घरी ती आता येत नाही. वाटेत दिसली तर पदर सारखा करते आणि निघून जाते. ते बरोबर आहे.

साहेबांची बदली झाली, वरच्या जागी. मी निलंबित. माझ्यावर आरोप असा की खोटी नोंद केली. आरोप खरा आहे. पहिल्या रांगेला नवीन अर्थिंग झालं, डब्या बसल्या. समितीच्या बाईंनी त्याच दिवशी लिहून घेतलं म्हणून झालं. दुसरी रांग मंजुरीच्या वाटेवर आहे असं सांगतात. फूलमतीच्या नोकरीचा निर्णय माझ्या चौकशीला टांगलेला आहे. रजिस्टर खरं की खोटं, यावर तो ठरेल.

युनियनचा माणूस चांगला आहे, माझ्या भल्याचंच सांगतो. म्हणतो, एवढंच म्हण की मार्चमध्ये मोजलं तेव्हा ठीक होतं, नंतर कुठेतरी तुटलं असेल. कोण सिद्ध करणार? नोकरी वाचेल, आठ वर्षं उरलीत, पोरीचं कॉलेज आहे. लखनौच्या महानगर भागातले एक मराठी गृहस्थ, बँकेतले, मुद्दाम घरी येऊन गेले. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले आणि उठताना म्हणाले, "आपल्या माणसाला असं खाली ओढू नये." मी विचारलं, आपला कोण? ते हसले, कसनुसे. मी म्हणालो, माझा माणूस तेहतीस नंबरला राहत होता.

बायकोला मी सगळं विचारलं. ती भाजी चिरत होती. म्हणाली, "तुम्ही खोटं बोललात तर मी या रांगेत राहू शकणार नाही. खरं बोललात तर संस्था राहू देणार नाही. घर जाणारच आहे. कसं घालवायचं तेवढं तुमच्या हातात आहे."

तोवर रविवारी मी बल्ब घेऊन फिरतो. दुसऱ्या रांगेत, मग पलीकडच्या वस्त्यांत, भाड्याच्या खोल्यांत, जिथे दार उघडतील तिथे. बल्ब लावायला बाईच्याच हातात देतो, आधी पायात चप्पल, खाली कोरडा पाट, आणि लाइन कुठली, अर्थिंग कुठलं, ते दाखवतो. लागला नाही की कूलर तिथल्या तिथे बंद करायला लावतो. घरमालक शिव्या देतात. काही ओळखीचे म्हणतात, महाराज, पुराना वाला दिखाओ. मी म्हणतो, तो मेला.

उद्या सकाळी साडेदहाला सुनावणी आहे. मला विचारतील, दोष मान्य आहे का. मान्य आहे. पण मी तिथेच थांबणार नाही, कारण मी एकटा दोषी ठरलो तर सगळ्यांचीच सोय होते; एक वायरमन जातो आणि बाकीचं सगळं जागच्या जागी राहतं. मी सांगणार आहे की मोजू नकोस हे मला कुणी सांगितलं, रजिस्टरवर माझ्याखाली कुणाची सही आहे, बंगल्याचा खड्डा चार दिवसांत झाला आणि दुसरी रांग आजही तशीच आहे. सगळ्यात आधी एक वाक्य सांगणार आहे. ते हिंदीत लिहून, चार वेळा वाचून, खिशात ठेवलंय. रामसजीवन की कोई गलती नहीं थी. ते त्यांनी नोंदवून घेईपर्यंत मी पुढचं बोलणार नाही आणि खोलीतून बाहेरही पडणार नाही.